मारव्यातला सा

रोह्यातल्या कुठल्याही भजनी मंडळाच्या पेटीवर एक प्रयोग करून पाहता येईल. पांढरी एक हा सा मानायचा, पण तो वाजवायचा नाही. वाजवायच्या फक्त पाच पट्ट्या: काळी एक, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी सहा आणि पांढरी सात. पांढरी सहापासून वर चढत गेले की कानावर भूप येतो, अगदी स्वच्छ, कुठेही न टोचणारा. आता पट्ट्या त्याच ठेवायच्या आणि शेजारी पांढरी एकचा तंबोरा सुरू करायचा, मोबाइलमधला असला तरी चालेल. त्याच पाच स्वरांचा चेहरा पार बदलतो. काळी एक आता कोमल रिषभ होते आणि षड्जाला घासू लागते, काळी तीन तीव्र मध्यम होऊन अधांतरी लटकते, आणि मघाशी ज्या पांढरी सहावर जीव विसावत होता तिथे आता थांबवत नाही. मारव्यातले सा सोडून उरलेले सगळे स्वर हेच. त्यांच्यात आपापसांत भांडण नाही हे भूपाने नुकतेच सिद्ध केले होते. मग ही अस्वस्थता आली कुठून? ती आली एका सतत वाजणाऱ्या सामुळे. माणसाच्या मनातल्या खोल अस्वस्थतेबद्दल धर्माने काय म्हणावे, हा प्रश्न मला या प्रयोगापाशी आणून सोडतो. मन शांत असेल तर देव जवळ आणि मन विस्कटलेले असेल तर देव दूर, किंवा मुळात नाहीच, असे आस्तिक आणि नास्तिक दोघेही सहज धरून चालतात. मला हे गृहीतच चुकीचे वाटते. विसंवाद ऐकू येतो याचा अर्थ पायाचा स्वर हरवला आहे असा होत नाही. तो वाजत असतो म्हणूनच विसंवाद ऐकू येतो.

आधी संगीताचा पुरावा नीट तपासू, कारण पुढचा सगळा भार त्याच्यावर आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांच्या दहा थाटांपैकी एक मारवा. त्याच नावाच्या रागात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकीचे स्वर शुद्ध. वादी रिषभ आणि संवादी धैवत. इथेच जाणकार अडखळतो. वादी आणि संवादी यांच्यात षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम भाव असावा हा सर्वसाधारण नियम आहे, आणि कोमल रिषभ व शुद्ध धैवत यांच्यात दोन्ही भाव नाहीत. रागाचे दोन मुख्य खांबच एकमेकांशी जुळत नाहीत. त्यातून गायक षड्जावर फारसा येतच नाही. नी, रे, ग असा तो सा ओलांडून जातो, धैवतावर रेंगाळतो, पुन्हा रिषभावर येऊन थांबतो. उस्ताद अमीर खाँ यांच्या मारव्याच्या ध्वनिमुद्रिकेत हे रेंगाळणे इतके संथ आहे की बऱ्याच वेळाने एकदा सा लागतो तेव्हा श्वास सुटल्यासारखे वाटते. त्या साची आठवण मात्र ऐकणाऱ्याला एक क्षणही सुटलेली नसते, कारण मागे तंबोरा चालू असतो.

कुणी म्हणेल की हा सगळा संस्काराचा खेळ आहे. संध्याकाळी गायचा राग म्हणून मारवा सांगितला जातो, म्हणून आपल्याला त्यात मावळतीची हुरहूर ऐकू येते. दक्षिणेत याच स्वरांचा पंचमासह मेळ गमनश्रम नावाने आहे आणि तिथल्या रसिकांना त्यात हीच हुरहूर ऐकू येते असे नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याचा निशाणा वेगळा आहे. मारव्याच्या स्वरांतच दुःख भरलेले आहे असे मी म्हणतच नाही. पूरिया, मारवा आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर सारखेच आहेत. पूरियात गांधार-निषाद बोलतात आणि तो राग गंभीर, आत वळलेला होतो. सोहनी तार षड्जाकडे झेप घेते आणि चमकते. स्वर तेच, पण षड्जाशी कोण कसे वागते यावर भाव ठरतो. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. पेटीच्या पट्ट्या समान अंतरावर लावलेल्या असतात, म्हणून तिथे मारव्याचे पाच स्वर आणि भूपाचे पाच स्वर एक होतात. गळ्यात ते तसे होणार नाहीत. कोमल रिषभ १६/१५ आणि धैवत ५/३ या गुणोत्तरांत लावला, तर धैवतापासून वरच्या रिषभाचे अंतर ३२/२५ येते, आणि भूपाच्या सा-गांधाराला हवे असते ५/४. म्हणजे रिषभ किंचित चढा पडतो. गायकाचा रिषभ नेमका किती उतरतो यावर मतभेद आहेत, ते बाजूला ठेवू. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. हे पाच स्वर आपापसांत गोड लागावेत म्हणून गायक त्यांना हलवत नाही. तो प्रत्येकाला त्या न गायलेल्या साशी जुळवून लावतो. ज्याचा उच्चार क्वचितच होतो, त्याच्याच मापाने बाकी सगळे मोजले जाते.

आता याहूनही काळोखी स्वरावली घेऊ. पांढरी सात हा सा धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या तर कोमल रे, कोमल ग, शुद्ध मध्यम, त्याला लागून तीव्र मध्यम, कोमल ध आणि कोमल नी असे स्वर मिळतात. पंचम नाही. पाश्चात्त्य संगीतात या स्वरावलीला लोक्रियन म्हणतात. तिथे गाणे कॉर्डवर उभे राहते, आणि कॉर्ड त्याच स्वरावलीतल्या स्वरांची बांधतात. इतर सहा स्वरावलींत पायाच्या कॉर्डमध्ये सा आणि त्याचा पंचम असतो, म्हणून परत येऊन टेकायला जागा मिळते. लोक्रियनच्या पायाच्या कॉर्डमध्ये पांढरी सात, दोन आणि चार येतात. पंचमाच्या जागी तीव्र मध्यम बसल्यामुळे ती कॉर्ड स्वतःच हलते, तिला दुसरीकडे जाऊन मिटायचे असते. घरी परतावे तर घराचीच भिंत कललेली. युरोपीय संगीतशास्त्रज्ञ हाइनरिश ग्लारेआनुस यांनी १५४७ च्या आपल्या ग्रंथात इतर स्वरावली मान्य केल्या, पण ही नाकारली. भातखंड्यांचे सहा थाट पाश्चात्त्यांच्या उरलेल्या सहा स्वरावलींशी जुळतात: बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज, आसावरी. सातवीला थाट नाही. दक्षिणेतले संगीतशास्त्रकार वेंकटमखी यांच्या बहात्तर मेळांत पंचम प्रत्येक मेळात असल्यामुळे तिथेही तिला जागा नाही. मध्ययुगीन चर्चने या तीव्र मध्यमाच्या अंतराला सैतानाचा स्वर ठरवून त्यावर बंदी घातली ही लोकप्रिय कथा मात्र पुराव्यावर टिकत नाही. गायकांना ते अंतर टाळायला शिकवत, इतके खरे. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक असा. जिथे पाया त्याच स्वरांतून बांधायचा असतो, तिथे स्वर अस्थिर झाले की पायाही अस्थिर होतो आणि ती स्वरावली निरुपयोगी ठरते. जिथे पाया गाण्याच्या बाहेर, स्वतंत्र तारेवर वाजत असतो, तिथे गाण्याने कितीही काळोखात जावे, पाया ढळत नाही. म्हणून पंचम नसलेला, षड्ज टाळणारा, वादी-संवादी न जुळणारा मारवा आपल्याकडे कुणी टाकून दिला नाही. तो मोठ्या रागांत गणला जातो.

हाच फरक धर्मविचारात आणला की दोन प्रकारच्या श्रद्धा वेगळ्या दिसू लागतात. एकीत देव म्हणजे आपल्या चांगल्या अनुभवांची बेरीज. अनुभव कोसळले की ती कोसळते. दुसरीत देव अनुभवांच्या बेरजेत धरलेलाच नसतो. भगवद्गीतेची सुरुवात या दुसऱ्या श्रद्धेने होते असे मला वाटते. गीतेचे मराठी विवेचन करणारी दोन मोठी माणसे शेजारशेजारच्या तालुक्यांत जन्मली हा योगायोग इथे उपयोगी पडतो. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्यात, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, आणि पांडुरंगशास्त्री आठवले रोह्यात, १९ ऑक्टोबर १९२० रोजी. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पहिल्याच प्रवचनात ते एका न्यायाधीशाचा दाखला देतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेल्या या न्यायाधीशापुढे एक दिवस त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो, आणि मग न्यायाधीशाला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. विनोबांचे म्हणणे असे की अर्जुनाची युक्तिवादाची भाषा अहिंसेची असली तरी मूळ स्वजनांविषयीच्या आसक्तीत आहे. संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर न्यायाधीशाने सा हलवला. त्याचे युक्तिवाद खोटे नव्हते, त्यांच्यात आपापसांत विसंगतीही नव्हती. तोच भूप होता, फक्त पांढरी सहावरून ऐकलेला.

इथे मी विनोबांच्या बरोबर थोडा चालतो आणि थोडा वेगळा वळतो. अर्जुन आणि तो न्यायाधीश यांच्यात एक फरक आहे, आणि त्या फरकावर अधिक भर द्यायला हवा होता असे मला वाटते. अर्जुनाचे अंग कापते. तोंडाला कोरड पडते, धनुष्य हातातून निसटते, त्वचेचा दाह होतो. कुलक्षयाचे सगळे युक्तिवाद त्याला मनापासून पटले असते तर तो शांतपणे रथ वळवून निघून गेला असता. तो खाली बसतो, कारण त्याच्यात दोन सा एकाच वेळी वाजत आहेत. एक स्वजनांचा, ज्यावर त्याचे सगळे बोलणे जुळते, आणि दुसरा स्वधर्माचा, ज्याच्यावर ते घासते. मोह म्हणजे सा सरकणे. विषाद म्हणजे सरकलेला सा आणि मूळ सा यांच्यातले घर्षण. ज्याला विषाद झाला त्याच्यात मूळ स्वर अजून वाजतो आहे. निव्वळ मोहात सापडलेला माणूस छान बोलतो आणि छान झोपतोही. म्हणून पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग हे नाव मिळाले, त्यातल्या योग शब्दाने मी चकित होत नाही. अध्यायांची नावे पुष्पिकांतून येतात, ती श्लोकांचा भाग नाहीत, मागाहून कुणी घातली असतील, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून नावावर भार टाकत नाही, अध्यायाच्या रचनेवर टाकतो. संपूर्ण पहिल्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी जेमतेम एक वाक्य आहे: जमलेल्या कुरूंना पाहा, एवढेच. त्यानंतर अर्जुन बोलत राहतो आणि कृष्ण गप्प राहतो. पण रथ त्याच्याच हातात असतो. एकदा हलका उच्चार आणि नंतर सतत उपस्थिती: मारव्यात षड्जाची जागा हीच आहे.

यावर नेहमीचा प्रश्न येईल की तंबोरा कुणीतरी वाजवतो म्हणून वाजतो, विश्वाचा तंबोरा वाजतो आहे याला पुरावा काय? पुरावा मी देत नाही. मारव्याने ईश्वर सिद्ध होत नाही, आणि तसे कुणी म्हणत असेल तर तो संगीतावर आणि धर्मावर दोन्हींवर अन्याय करतो. माझा दावा मर्यादित आहे. ‘मी आतून फाटलो आहे, म्हणून आधार नाही’ हे अनुमान टिकत नाही एवढेच मला दाखवायचे आहे, आणि एखादे अनुमान पाडायला एक उलट उदाहरण पुरते. फार तर एक पाऊल पुढे जाता येईल. एकटा स्वर कधी विसंवादी असू शकत नाही. विसंवादाला दुसरे काहीतरी लागते. ज्याच्यापुढे कुठलाच पाया नाही त्याला गोंगाट ऐकू येईल, मारवा नाही. दुःखात ‘हे असे नसायला हवे होते’ असे जे वाटते, ते कशाच्या तरी मापाने वाटते. ते माप कोणते, हे प्रत्येकाने शोधायचे.

पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी या जागी जे सांगितले ते मला मोलाचे वाटते. वडील वैजनाथशास्त्री यांनी मुंबईच्या माधवबागेत १९२६ साली सुरू केलेली गीता पाठशाळा त्यांनी पुढे चालवली, आणि त्यातून स्वाध्याय परिवार उभा राहिला. त्यांच्या शिकवणीचा गाभा असा की देव प्रत्येकाच्या आत राहतो आणि आपल्या बरोबर काम करतो. त्रिकाल संध्येचा त्यांनी लावलेला अर्थ यातूनच येतो. उठताना, जेवताना आणि झोपताना त्याची आठवण करायची, कारण जाग आल्यावर स्मृती तो परत देतो, अन्नातून शक्ती तो देतो आणि झोपेत शांती तो देतो. या तिन्हींत मला स्मृतीचा भाग सर्वांत खोल वाटतो. रात्री माणूस स्वतःला पूर्ण विसरतो आणि सकाळी त्याच नावाने, त्याच नात्यांत उठतो. मध्ये कुणी तार छेडत ठेवली? आठवल्यांचे उत्तर ज्याला मान्य नाही त्याच्यापुढेही हा प्रश्न उरतोच. आणि आठवल्यांच्या विचाराला माझी एक जोड अशी की देव आत आहे म्हणजे आत शांतताच असेल, असा त्याचा अर्थ करू नये. आतल्याशी आपले चालचलन जुळत नसेल तर आत असल्यामुळेच टोचणी अधिक होईल.

सर्वांत अवघड आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. सा बंद केला की भूप होतो हे तर मीच दाखवले. मग बंद का करू नये? ईश्वर, स्वधर्म, आदर्श, या सततच्या स्वरामुळेच जर घर्षण होत असेल, तर तो तंबोरा खाली ठेवणे हाच मुक्तीचा मार्ग ठरत नाही का? भगवान बुद्धांच्या शिकवणीत याच्या जवळ जाणारे काही आहे, आणि ते उथळ नाही. मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की तंबोरा थांबल्यावर जो भूप ऐकू आला, तोही विनाषड्ज नव्हता. कानाने मुकाट्याने पांढरी सहाला सा करून टाकले. देव सोडलेला माणूस बहुधा असाच प्रतिष्ठेला, जातीला, राष्ट्राला किंवा स्वतःच्या सुखाला सा करून बसतो, आणि त्याला ते कळतही नाही. न्यायाधीशाने मुलाला केले होते. पाया असावा की नसावा हा पर्याय गाणाऱ्यापुढे फारसा नसतो, कोणता असावा एवढाच असतो. दुसरी गोष्ट, बौद्ध विचारवंत म्हणेल की हा नव्याने बसवलेला साही सोडता येतो. येत असेल. तिथे गाणेच थांबते, आणि त्या शांततेबद्दल संगीताचा दाखला काही बोलू शकत नाही. माझा युक्तिवाद जे गात राहतात त्यांच्यापुरताच आहे.

आणखी एक आक्षेप मला रागाने केलेला आवडेल, कारण तो तसाच करायला हवा. दुःखाला राग म्हणणे हा पोट भरलेल्यांचा खेळ आहे. भुकेलेल्याला, पुरात घर गेलेल्याला, मूल गेलेल्या आईला तुम्ही मारवा ऐकवणार का? नाही. उपासमार म्हणजे विषाद नव्हे. तिला अन्न हे उत्तर आहे आणि दुसरे कोणतेही उत्तर अपमानास्पद आहे. गागोदे आणि रोहा या दोन गावांतून आलेल्या दोघांनीही हे ओळखले होते. विनोबा एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूमिहीनांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी प्रवचन दिले नाही, जमीन मागितली, आणि पुढे वर्षानुवर्षे ती मागत चालत राहिले. स्वाध्यायातल्या मच्छीमारांच्या ‘मत्स्यगंधा’ नौकांवर माणसे भक्ती म्हणून श्रम करतात आणि मिळालेले धन गरजूंकडे जाते. ज्या दुःखाचे कारण दूर करता येते ते दूरच करायचे. माझे म्हणणे त्या दुःखाबद्दल आहे जे कारण दूर केल्यावरही उरते, किंवा ज्याचे कारण दूर करता येतच नाही. तिथे दुःखिताच्या मनात आणखी एक शंका घातली जाते: तुझी श्रद्धा कमी पडली, म्हणून तुला शांती नाही. घरोघरी, देवळादेवळांत हे सांत्वनाच्या सुरात सांगितले जाते, आणि ते निर्दय आहे. तुकोबांच्या करुणेच्या अभंगांपुढे ते कसे टिकणार? तिथला आक्रोश श्रद्धा कमी पडल्याचा नाही, ती पुरेपूर असल्याचा आहे.

मग आधार वाजतच असेल तर तो दिलासा का देत नाही, हे विचारायचे राहते. तंबोरा कसा लावतात ते पाहिले तर याचे उत्तर निदान नेमके मांडता येते. नेहमी चार तारांतली पहिली पंचमात लावतात, मधली जोडी षड्जात आणि चौथी खर्जात. सा आणि प मिळून जो भरीव, निवांत नाद होतो, त्यालाच आपण सहसा आधार समजतो. मारव्यासाठी मात्र पहिली तार पंचमातून काढून बहुधा निषादात लावतात. निषाद षड्जाच्या अगदी जवळ आणि तरीही त्याच्याशी न मिटणारा, त्यामुळे मागच्या नादातही ओढ येते. म्हणजे दिलासा खरोखरच काढून घेतलेला असतो. ज्याला तो जाणवत नाही त्याला भास झालेला नाही, तो बरोबर ऐकतो आहे. पंचम गेलेला आहे. उरलेल्या तीन तारा मात्र कुणी हलवलेल्या नसतात.